‘चालेल’ला वॉक चालत नाही

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं आणि पहिल्या क्रियापदांतच ‘वॉक’ यायचा. वॉक म्हणजे चालणे. अर्थ बरोबर, पण अपुरा, आणि शाळा सुटून वर्षं झाली तरी पुष्कळांच्या चुका तिथूनच निघतात. म्हणून आज वर्गात बसलेल्या मुलांसाठी या शब्दाबद्दल लिहितो.

उच्चारात मधला ‘एल’ मुका. टॉक, चॉक, फोक यांच्यातही तसंच. ‘ए’ किंवा ‘ओ’नंतर ‘एलके’ आले की बहुधा ‘एल’ गळतो. मिल्क, सिल्कमध्ये तो ऐकू येतो. भूतकाळी ‘वॉक्ट’ म्हणायचं, ‘वॉकेड’ नाही.

खरी अडचण आपल्या ‘चालणे’ची आहे. मराठीत घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, आणि ‘चहा चालेल का?’ असंही आपण विचारतो. वॉकला मात्र पाय लागतात. घड्याळ ‘वर्क’ करतं, बस ‘रन’ होते, खटला ‘गो ऑन’ होतो आणि चहासाठी ‘वुड यू लाइक सम टी?’ एवढं पुरतं.

आपण नागपूरकर ‘बर्डीवर पायदळ गेलो’ म्हणतो, म्हणजे सीताबर्डीला पायी गेलो. पुण्याकडच्या माणसाला पायदळ म्हटलं की सैन्य आठवतं. इंग्रजीतल्या ‘फूट’लाही पायदळ सैन्य हा जुना अर्थ आहेच! पण वाक्य करताना आपण ‘आय वेंट बाय वॉक’ म्हणतो, तिथे चुकतं. ‘बाय’ लागतो वाहनाला: बाय बस, बाय ट्रेन. पायांना ‘ऑन फूट’. त्याहून सरळ म्हणजे ‘आय वॉक्ट टू बर्डी’. जाणं आणि चालणं दोन्ही त्या एका क्रियापदात आलं, वेगळा ‘वेंट’ कशाला? अंतर सांगताना ‘इट्स अ टेन-मिनिट वॉक’. इथे मिनिट एकवचनी, कारण ते विशेषणाचं काम करतंय.

याच क्रियापदाला कर्मही जोडता येतं. ‘वॉक द डॉग’ म्हणजे कुत्र्याला फिरवून आणणे. ‘आय विल वॉक यू टू द बस स्टॉप’ म्हणजे स्टॉपपर्यंत सोडायला येतो, पण पायीच. स्कूटरवर सोडणार असाल तर हा शब्द वापरू नका.

डिसेंबरात इथे हिवाळी अधिवेशन भरलं की इंग्रजी पेपरात ‘वॉकआउट’ वाचायला मिळतो: विरोधकांचा सभात्याग. मात्र ‘वॉक आउट’पुढे ‘ऑन’ आणि माणूस आला की अर्थ फार कडू होतो. नवरा ‘वॉक्ट आउट ऑन हर’ म्हणजे तिला वाऱ्यावर सोडून गेला. एका ‘ऑन’ने एवढा फरक पडतो, म्हणून असे शब्द सुटे पाठ करू नयेत, वाक्यासकट करावेत.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लोळणे, घुसळणे असा होता. पायी जाणे हा अर्थ नंतरचा. वॉकर या आडनावातही चालणारा दिसतो खरा, पण त्याचा धंदा वेगळा: विणलेलं ओलं लोकरी कापड पायांनी तुडवून घट्ट करणारा, तो वॉकर.