टाच खाली, टाच खाली: रायडिंग कोचच्या प्रशिक्षणाचा माझा अनुभव

व्हिडिओ वीस मिनिटांचा होता, मी घेतलेल्या तासाचा. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, आम्हा चौदा जणांसमोर तो लावला. शिबिर घेणाऱ्या मॅडमनी माझ्या हातात कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "तू जे सगळ्यात जास्त वेळा बोलतेस ते मोज." मी रेघा मारत गेले. 'टाच खाली' ४१ वेळा. घोड्यावर माझ्याकडे अकरा महिने शिकणारी नऊ वर्षांची मुलगी होती. मी म्हटलं की ती टाच दाबायची, दोन पावलं झाली की टाच पुन्हा वर. विसाव्या मिनिटाला तिचा पाय पहिल्या मिनिटाला होता तसाच होता, फक्त चेहरा रडवेला झाला होता.

मी अकरा वर्षं पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये शिकवते आहे. मला घोड्यावर बसवलं ते उस्तादांनी. उस्ताद मूळचे सातारा जिल्ह्यातले, जयपूरच्या ६१ कॅव्हलरी या लष्करी घोडदळातून दफेदार (सार्जंटच्या बरोबरीचा हुद्दा) म्हणून निवृत्त झालेले. १९५३ मध्ये उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटमध्ये राजपूत आणि कायमखानी मुसलमानांबरोबर मराठेही असतात. आपल्याकडच्या कितीतरी क्लबांत घोडेस्वारी शिकवणारी माणसं अशीच लष्करातून आलेली आहेत. "एड़ी नीचे, नज़र ऊपर" हे उस्तादांचं वाक्य. मी त्याचं मराठी केलं आणि तेच म्हणत राहिले.

प्रशिक्षणाला जायचं ठरवलं ते पालकांमुळे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायचा प्रकार) संघाने सुवर्ण जिंकलं. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. घोडेस्वारीतलं याआधीचं सुवर्ण १९८२ च्या दिल्लीतलं, म्हणजे ४१ वर्षांपूर्वीचं. त्यानंतर आमच्याकडे येणारे आईबाप वेगळे प्रश्न विचारायला लागले. प्रथमोपचार येतात का, हेल्मेट कुठल्या मानकाचं आहे, तुम्ही स्वतः कुठे शिकलात. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उस्तादांचं नाव होतं, कागद नव्हता.

अर्जाबरोबर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, दोन वर्षांच्या तासांची नोंद आणि अठरा हजार फी. यातल्या एका कागदासाठी मला एका कार्यालयात सहा आठवड्यांत चार खेपा घालाव्या लागल्या. अर्ज करायचा असेल तर या कागदांपासूनच सुरुवात करा, एवढंच सांगते.

शिबिर सहा दिवसांचं, एप्रिलच्या शेवटी. उन्हामुळे मैदानावरचं काम सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, मधला वेळ वर्गात. मॅडम युरोपातून आलेल्या, साठी ओलांडलेल्या. त्या इंग्रजीत बोलायच्या. आमच्यातले पाच जण माजी सैनिक, त्यांची भाषा हिंदी. एक मुलगा माथेरानचा, तो मराठीशिवाय बोलायचा नाही. दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं, आणि त्याचा मला फार फायदा झाला. 'कॉन्टॅक्ट' (स्वाराचा हात आणि घोड्याचं तोंड यांच्यातला लगामातून राहणारा हलका संपर्क) हा शब्द मी रोज वापरते, पण तो दुसऱ्याला समजावायची वेळ आली तेव्हा अडकले. शेवटी एक निवृत्त रिसालदार म्हणाले, "अरे, रास में हाथ रखना।" मॅडमना ते उलट भाषांतर करून सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता त्या टाचेकडे येते, कारण सहा दिवसांतलं सगळ्यात मोठं शिक्षण तिथे झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी तीच मुलगी, तोच घोडा घेतला. घोडा थांबवला. मुलीला म्हणाल्या, दोन्ही पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) काढ आणि नुसते लोंबू दे. मग खाली वाकून रिकीब कुठे येते ते बघितलं. तिचा तळ घोट्याच्या हाडाशी यायला हवा होता, तो बराच खाली होता. आदल्या तासाला त्या घोड्यावर उंच मुलगा बसला होता आणि रिकिबीचा पट्टा त्याच्या मापाचा राहिला होता. ती मुलगी वीस मिनिटं चवड्याने रिकीब शोधत होती. चवडा खाली पोचवायचा तर टाच वर जाणारच. आणि मी तिला टाच दाबायला सांगत होते.

पट्टा दोन भोकं वर घेतला. मग दुडकीला लावलं आणि सांगितलं, उठताना मोठ्याने आकडे मोज. दुडकी दोन ठेक्यांची चाल, म्हणजे एका ठेक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. तोंडाने मोजायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो. ती मुलगी घाबरून श्वास धरून बसायची हे मला अकरा महिन्यांत दिसलं नव्हतं. तिसरी गोष्ट, मॅडमनी विचारलं, "त्याचे कान आत्ता कुठे आहेत?" कान बघायला तिने मान वर केली, खांदे मोकळे झाले. पुढच्या सहा-सात मिनिटांत टाच आपोआप खाली आली. 'टाच' हा शब्द मॅडमनी एकदाही उच्चारला नाही.

नंतर वर्गात त्यांनी कारण उलगडून सांगितलं. टाच जोराने दाबली की घोटा ताठ होतो, घोटा ताठ झाला की गुडघा खोगिराला चिमटा काढतो, आणि गुडघ्याने चिमटा काढला की बैठक खोगिरातून वर ढकलली जाते. मग दुडकीचा प्रत्येक ठेका कंबरेत बसतो आणि मूल अजून आवळतं. या बैठकीलाच मराठीत आपण मांड म्हणतो. पक्की मांड म्हणजे पायांनी आवळून धरणं, असंच मी मुलांना सांगत आले होते. कंबर, गुडघा, घोटा मोकळे असले तरच वजन खाली उतरतं आणि मांड बसते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उस्ताद चुकीचं शिकवायचे का, हाच विचार. आणि मग आठवलं, ते आधी प्रत्येक पोराच्या रिकिबीला स्वतः हात लावायचे. पट्टा ओढून बघायचे, पोटपट्ट्यात बोटं घालून बघायचे, गुडघ्यावर थाप मारून पाय सैल करायचे, आणि मग म्हणायचे, "एड़ी नीचे." त्यांचं वाक्य मी उचललं होतं, त्याआधीचं हाताचं काम मी सोडून दिलं होतं.

चौथ्या दिवशी लंगडणारा घोडा ओळखायचा पाठ होता. कोचला हे यायलाच हवं, कारण दुखऱ्या पायाचा घोडा तासाला घेतला तर घोड्याचे हाल आणि मुलाला धोका. नियम असा की पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो, आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली घालतो. ऐकायला सोपं. तबेल्यासमोरच्या काँक्रीटच्या रस्त्यावर सईसने घोडा दुडकीने पळवत नेला आणि आणला, आम्ही बारा-तेरा जण डोळे ताणून बघतोय. कोणी उजवा म्हणे, कोणी मागचा. माथेरानचा मुलगा रस्त्याकडे पाठ करून उभा होता. मॅडमनी विचारलं, बघत का नाहीस? तो म्हणाला, "ऐकतोय. पुढचा डावा. हलका टेकतोय." माथेरानात खासगी मोटारींना बंदी, तिथे लाल मातीच्या आणि दगडांच्या वाटांवर त्याचं सगळं आयुष्य टापांच्या आवाजात गेलेलं. मॅडमनी घोडा पुन्हा पळवायला लावला, आम्हा सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. टप, टप, टप, आणि एक ठेका खरंच बुजरा होता. डावा पाय उचलून बघितला तर नालेच्या आतल्या कडेला खडा रुतला होता. खडा काढला, घोड्याला त्या दिवशी सुट्टी दिली. तो मुलगा इंग्रजीमुळे चार दिवस मागच्या बाकावर बसत होता. पाचव्या दिवसापासून मॅडमनी त्याला पुढे बसवलं.

उन्हाचंही एक सांगायला हवं, कारण आपल्याकडे अजून बऱ्याच तबेल्यांत उलटं चालतं. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, स्नायू आखडतात, असं मीही मानायचे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत यावर भरपूर काम झालं आणि गार पाण्याने घोड्याला अपाय होत नाही हे दिसलं. दमलेल्या, धापा टाकणाऱ्या घोड्याला सावलीत घ्या आणि सगळ्या अंगावर गार पाणी ओतत राहा, श्वास खाली येईपर्यंत. प्यायलाही लगेच द्या. आमच्या शाळेत आता मैदानाच्या कडेलाच पिंप भरलेलं असतं.

पाचव्या संध्याकाळी मॅडमनी एक गोष्ट सांगितली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं. त्या संघातला गेनाल पर्सन हा खरा सार्जंट. पण तेव्हाच्या नियमाने लष्करी स्वार अधिकारीच लागायचा, म्हणून त्याला तेवढ्यापुरती लेफ्टनंटची बढती दिली होती. स्पर्धा झाली आणि काही आठवड्यांत त्याला परत सार्जंट केलं. हे उघड झाल्यावर पुढच्या वर्षी स्वीडनचं सुवर्ण काढून फ्रान्सला दिलं. नंतर नियम बदलला. १९५२ ला हेलसिंकीत तेच तिघे स्वार पुन्हा उतरले आणि सुवर्ण घेऊन गेले. त्याच हेलसिंकीत डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी पोलिओने पाय अधू झालेले असताना वैयक्तिक रौप्य जिंकलं. हे सगळं मी हिंदीत सांगत होते. संपलं तेव्हा माजी सैनिकांच्या रांगेत बराच वेळ कोणी बोललं नाही. त्या रांगेत दोन दफेदार होते.

सहाव्या दिवशी परीक्षा. तीन अनोळखी मुलं, तीन अनोळखी घोडी-टट्टू, अर्ध्या तासाचा पाठ. मला विषय आला दुडकीत जमिनीवरच्या दांड्यांवरून जाणं. मी घाईत माझ्या नेहमीच्या मापाने, साधारण १.३ मीटरवर, चार दांड्या टाकल्या. मोठा घोडा छान गेला. मागून तेरा हातांचं (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच) टट्टू आलं. त्याचं पाऊल लहान. पहिली दांडी नीट, दुसरीला ताणलं, तिसरीवर खूर आपटला आणि ते अडखळलं. वरच्या मुलाची रिकीब सुटली, तो मानेवर झुकला. पडला नाही. मॅडमनी हात वर करून पाठ थांबवला.

निकाल: 'अजून तयार नाही.' तीन महिन्यांनी पुन्हा या, तोपर्यंत तीस तासांची नोंद आणा. मी गाडीत बसून रडले. दांड्यांचं अंतर मला पाठ होतं, टट्टासाठी ते एक मीटरच्या जवळपास ठेवून पुढे त्याच्या पावलाप्रमाणे बदलायचं हेही वर्गात मीच भाषांतर करून सांगितलं होतं. तरी पाठ घेताना मी फक्त मुलांकडे बघत होते.

त्या तीन महिन्यांत मी नोंदवहीला एक रकाना वाढवला: 'घोड्याने काय सांगितलं.' आमचे बरेचसे घोडे रेसमधून निवृत्त झालेले, लगाम ताणला की पळायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्या रकान्यामुळे मला दिसायला लागलं की कुठल्या मुलाच्या हाताखाली कुठला घोडा तोंड वर करतो, कुठला शेपटी झटकतो, कुठला मान लांब सोडून निवांत चालतो. जोड्या बदलल्या. तासाच्या आधी प्रत्येक रिकिबीला स्वतः हात लावायला लागले, त्याला चार मिनिटं जातात. ८८ किलोच्या एका गृहस्थांना आमच्या ४२० किलोच्या घोडीवर बसायला नाही म्हटलं, कारण खोगीर धरून ते ९६ किलो होत होते आणि घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहायचं हे मी आता पाळते. ते चिडून गेले. वाईट वाटलं, पण घोडीला बोलता येत नाही, तिच्या वतीने मलाच बोलायला हवं.

पुन्हा परीक्षा जुलैच्या शेवटी, पावसात, पत्र्याच्या शेडखाली झाली. यावेळी आधी तीनही घोडे मोकळे दुडकवून घेतले, पावलं बघितली आणि मग दांड्या टाकल्या. पास झाले.

प्रमाणपत्र घेऊन उस्तादांकडे गावी गेले. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं, घडी न पडता परत पिशवीत ठेवलं. चहा झाल्यावर मी त्यांना त्या स्वीडिश सार्जंटची गोष्ट सांगितली. पदक कसं काढून घेतलं, पुढच्या ऑलिंपिकला परत कसं मिळवलं. ते ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "घोडा कोणता होता गं?"

मॅडमनी सांगितलं होतं, माझ्या वहीत लिहिलेलं होतं. क्नाउस्ट. १९४८ ला तोच, १९५२ लाही तोच.

"क्नाउस्ट," उस्तादांनी म्हणून बघितलं. मग विचारलं, "आणि दुसऱ्या वेळेला वय काय होतं त्याचं?" ते मी लिहून घेतलं नव्हतं.