सत्तरीत मोडी कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून

"या वयात इतिहासाची व्याख्याने ऐकून आणि मोडी लिपी शिकून आता काय करणार?" हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात. तुम्हीही तो आपुलकीनेच विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी 34 वर्षे हिशेब तपासण्याचे काम केले. निवृत्तीनंतर वसंत व्याख्यानमालेला जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेली ही पुण्याची व्याख्यानमाला. वक्ते ज्या जुन्या मोडी कागदांचे दाखले देत, ते आपल्याला वाचता येत नाहीत याची रुखरुख लागली आणि सहासष्टाव्या वर्षी मोडीच्या वर्गात नाव घातले.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि तिच्याखाली, शब्दांमध्ये जागा न सोडता, अक्षरे लिहीत जातात. त्यामुळे शब्द कोठे तोडावा हेच महिनाभर उमगत नव्हते. तारखेची रीत तर आणखी निराळी. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे तिथीचा आकडा व मुसलमानी महिना, आणि वर्ष अरबी शब्दांत: 'सबा सबैन मया व अलफ', म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार. हा शुहूर सन, म्हणजे त्या कागदांतली कालगणना, 1177. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1776 येतो, मात्र हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवावे लागतात.

एकदा वर्गात हिशेबाचा कागद आला. तरुण मुले माझ्यापेक्षा कितीतरी भराभर अक्षरे लावत होती, पण तेरजेपाशी, म्हणजे हिशेबाच्या गोषवाऱ्यापाशी, अडली. मला मात्र जमा, खर्च आणि बाकी कोठे असणार हे अक्षर लागण्याआधीच दिसले, कारण हिशेब लिहिणाऱ्याचा हात कसा चालतो हे मी जन्मभर पाहिले आहे. शाळेत इतिहास म्हणजे सनावळी होती. आता त्या कागदामागचा कारकून मला ओळखीचा वाटतो, आणि ही ओळख विशीत होणे शक्यच नव्हते.

मराठ्यांचा इतिहास लिहिणारे रियासतकार सरदेसाई यांचा जन्म 1865 चा. बडोद्याची नोकरी संपल्यानंतर, पासष्टीच्या सुमारास, त्यांनी पेशवे दफ्तरातील, म्हणजे पेशवाईच्या सरकारी कागदपत्रांतील, निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. त्यांच्या व्यासंगाशी माझी तुलनाच नाही, परंतु कोणी वयाचा विषय काढला की मला ते आठवतात.

सध्या एक खर्चाची यादी लावते आहे. तिच्यातला एक शब्द तीन दिवस अडला आहे; उद्या वर्गात तो आधी विचारायचा आहे.