बॅच ७ : मोगरा आला, दाटपणा गेला

मंडळी, सातव्या बॅचचा बबल बाथ (आंघोळीच्या पाण्यात फेस आणणारं द्रावण) शनिवारी रात्री पाण्यासारखा पातळ झाला. कारण काल सापडलं, म्हणून लगेच लिहितेय.

कृती नेहमीचीच. ५०० ग्रॅममध्ये ७५ ग्रॅम एसएलईएस पेस्ट (मुख्य फेस आणणारं द्रव्य, ७० टक्केवाली), ५० ग्रॅम सीएपीबी (फेस आणणारं दुसरं, सौम्य द्रव्य), टिकण्यासाठी सोडियम बेन्झोएट आणि सायट्रिक ॲसिड घालून पीएच ५ च्या आसपास. पाचव्या बॅचला वाळ्याचा सुगंध घातला होता, तेव्हा ११ ग्रॅम मिठावर मधासारखी धार लागली होती. यावेळी ८ ग्रॅमवरच छान दाटला. मग पॉलिसॉर्बेट २० मध्ये (सुगंधी तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) कालवलेला ५ ग्रॅम मोगऱ्याचा सुगंध ओतला आणि डोळ्यांदेखत चमच्यावरून धार घसरायला लागली. मी मिठाचं पाणी घालत राहिले. जरा दाटला, परत उतरला. आणखी घातलं, आणखी उतरला. १५ ग्रॅम मीठ गेलं तेव्हा हात थांबवला.

मीठ घातलं की फेस आणणाऱ्या द्रव्यांचे पुंजके लांबट होऊन एकमेकांत गुंततात, त्यामुळे दाटपणा येतो. एका हद्दीपलीकडे मीठ गेलं की हीच गुंतवळ सैल पडते. हे मला माहीत होतं. पण ती हद्द सुगंधागणिक सरकते, हे मी धरलंच नव्हतं. दुसरं म्हणजे सीएपीबीच्या कॅनसोबत आलेला कागद मी आजवर नीट वाचला नव्हता. त्यात सोडियम क्लोराइड साधारण ५ टक्के! म्हणजे ५० ग्रॅम सीएपीबीतून अडीच ग्रॅम मीठ आधीच आत. जो दुकानदार प्रत्येक कॅनबरोबर असा कागद देतो, त्याच्याकडे चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही. मागचा स्वस्तवाला नुसती चिठ्ठी चिकटवून पाठवायचा.

रविवारी बिनमिठाचा, पण मोगरा घातलेला नवा बेस केला. ५०-५० ग्रॅमच्या सहा काचेच्या बाटल्या, मीठ अर्ध्या टक्क्यापासून ३ टक्क्यांपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने चढवत. मीठ बिनआयोडीनचं, कारण टेबल सॉल्टने द्रावण गढूळ होतं. रात्रभर तसंच ठेवलं. कोमट असताना किंवा हवेचे बुडबुडे अडकलेले असताना दाटपणा कळत नाही. सकाळी एकेक बाटली वाकडी केली. दीड टक्क्याची बाटली आडवी केली तर आतला बुडबुडा जेमतेम सरकला. दोन टक्क्यांना धार सुटायला लागली, अडीचला खोबरेल आणि तीनला निव्वळ पाणी. मोगऱ्याची हद्द दीडवरच होती, मी तिच्या दुप्पट गेले होते.

मग शनिवारचं ५०० ग्रॅम फेकलं नाही. उरलेल्या बिनमिठाच्या बेसमध्ये भर घालून तो ५०० ग्रॅम केला आणि दोन्ही एकत्र केले. मीठ बरोबर निम्मं, म्हणजे दीड टक्का. अर्ध्या तासात चमचा उभा राहील असं घट्ट झालं! भाचीच्या प्लास्टिकच्या टबात नळाच्या धारेखाली दोन झाकणं ओतली. फेस तिच्या हनुवटीपर्यंत आला आणि मोरीत तासभर मोगरा दरवळत राहिला.

एवढं लिहून झालं आणि डोक्यात आलं : पॉलिसॉर्बेट हवंच कशाला? तेही दाटपणा खातंच. मोगरा थेट एसएलईएस पेस्टमध्ये कालवला तर? उठून करून पाहिलं. साडेसात ग्रॅम पेस्ट, त्यात अर्धा ग्रॅम मोगरा, कडेला दाबून दाबून फिरवला. मग ५ ग्रॅम सीएपीबी आणि पाणी थेंबाथेंबाने, नाहीतर पेस्टचे जेलीसारखे गोळे होतात. द्रावण नितळ आलंय, उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसते.

तेव्हा आठव्या बॅचला वाळा-मोगरा घालायचा बेत होता तो पुढे ढकलतेय. आधी या पद्धतीची मिठाची हद्द काढते. सहा बाटल्या धुवून पालथ्या घातल्या आहेत.