दोन रिफिलच्या मधले दिवस

रविवार, दुपार

अंगठ्यावरच्या ॲक्रिलिक नखाच्या मुळाशी मोकळ्या नखाची पट्टी आता लांबूनही दिसते. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत ती दिसणारच. ॲक्रिलिक, म्हणजे पावडर आणि लिक्विड मिसळून नखावर बसवलेला कडक थर, लावलं तिथेच घट्ट असतं, नखच त्याला घेऊन पुढे सरकतं. रिफिल, म्हणजे त्या मोकळ्या पट्टीवर नवं ॲक्रिलिक भरणं, पुढच्या शनिवारी आहे. तोवर ही नखं माझ्या ताब्यात, आणि मला हे काम मनापासून आवडतं.

आधी कडा तपासल्या. केस धुताना एखादा केस नखाच्या मुळाशी अडकला किंवा ओढणीचा धागा ओढला गेला, की समजायचं, कुठेतरी ॲक्रिलिक सुटायला लागलंय. पार्लरमधली ताई याला लिफ्टिंग म्हणते. डाव्या अनामिकेच्या कोपऱ्यात किंचित सुटलंय. अशा वेळी बाजारातला नेल ग्लू आत सोडून दाबून टाकायचा मोह होतो, पण ते अजिबात करायचं नाही. त्या फटीत भांड्यांचं, आंघोळीचं पाणी गेलेलं असतं. वरून ग्लू लावला की ओल आत कोंडते आणि तिथे जंतू वाढतात. नखावर हिरवट डाग दिसतो तो बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो, बुरशीचा नव्हे. असा डाग दिसला तर त्यावर गडद पॉलिश लावून झाकू नये. ॲक्रिलिक काढून घ्यावं आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

माझ्याकडे डाग नाही. सुटलेली कड तेवढी १८० ग्रिटच्या (मध्यम खरखरीत) फाइलने हलक्या हाताने झिजवली, पुन्हा काही अडकू नये म्हणून. खालच्या नखाला फाइल लागू दिली नाही. आणि सुटलेला तुकडा उचकटून काढायचा तर कधीच नाही. आपलं नख केराटिनच्या पातळ थरांचं असतं. ॲक्रिलिक ओढलं की वरचे थर त्याच्याबरोबर येतात, मग ते नख वाढून पुढे निघून जाईपर्यंत मऊ आणि दुखरं राहतं. त्याला कित्येक महिने लागतात.

मग लांबी कमी केली. याकडे फार कुणी लक्ष देत नाही, पण माझ्या मते घरी करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच. ॲक्रिलिकचा जाड उंचवटा ताई मुद्दाम अशा जागी ठेवते की टोकावर आलेला भार त्याने पेलावा. नख वाढलं की तो उंचवटाही पुढे सरकतो, मागचा भाग उघडा पडतो आणि गाडीचं दार किंवा डब्याचं झाकण उघडताना नख मधेच तडकतं. टोक थोडं आखूड केलं की तो धोका बराच कमी होतो. नेलकटर नको, त्याने ॲक्रिलिकला चीर जाते. फाइलच बरी, तीही खिडकीशी बसून, तोंडाला मास्क लावून. ती बारीक पूड नाकात जाता कामा नये.

चमक परत आणायला बफर अगदी हलका फिरवला, स्पिरिटच्या बोळ्याने नखं पुसली आणि साध्या टॉप कोटचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक पॉलिशचा, एक पातळ थर दिला. टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवायचा, नाहीतर थर तिथूनच सुटू लागतो. पॉलिश बदलायचं असेल तर रिमूव्हर ॲसिटोनशिवायचाच घ्यावा, कारण ॲसिटोनने ॲक्रिलिकच विरघळतं.

तेल सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर टॉप कोट धरत नाही. मी होहोबाचं वापरते, बदामाचंही चालतं. रोज रात्री एकेक थेंब नखाभोवतीच्या कातडीत जिरवायचा, सुटलेल्या फटीपासून मात्र दूर.

स्वयंपाकघरात भांड्यांना हातमोजे घालतेच. कणीक मळून झाली की नखांखाली अडकलेलं पीठ मऊ ब्रशने लगेच काढते. हळदीचा डाग पांढऱ्या टोकांवर बसला तर घाबरायचं कारण नाही. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात विरतं. आईने पिवळे डाग पडलेले कपडे नेहमी उन्हातच वाळत घातले, तेच इथेही लागू.

धाकटीचा मेसेज आलाय, ‘ताई, घरीच रिफिलचं किट मागवू का?’ तिला सविस्तर लिहिलं. ओलं मोनोमर, म्हणजे पावडरीत मिसळायचं ते लिक्विड, कातडीला परत परत लागलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. १९५४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रेड स्लॅक या दंतवैद्याने आपलं तुटलेलं नख दातांच्या ॲक्रिलिकने सांधलं आणि तिथून ही नखं आली. तेच नातं इथे आडवं येतं. ॲक्रिलेटची, म्हणजे या ॲक्रिलिकच्या रसायनांची, ॲलर्जी जडली तर पुढे दातांतलं फिलिंग किंवा सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेतलं हाडांचं सिमेंटसुद्धा अडचणीचं ठरू शकतं. तेल, फाइल, टॉप कोट हे घरी खुशाल कर. पावडर-लिक्विड मात्र शिकलेल्या हातात असू दे. आणि ज्या पार्लरमध्ये जाशील तिथे लिक्विड कुठलं वापरतात ते विचार. ईएमए (इथिल मेथॅक्रिलेट) असेल तर ठीक. एमएमए (मिथिल मेथॅक्रिलेट) असेल तर उठून ये. ते इतकं कडक बसतं की नख अडकलं तर ॲक्रिलिकऐवजी आपलं नखच मुळापासून तुटतं. अमेरिकेत त्यावर १९७० च्या दशकातच कारवाई झाली होती.

पुढच्या महिन्यात मावसबहिणीची हळद आहे. रिफिल त्याच्या आदल्या आठवड्यात घेणार, टोकं आखूड आणि बदामी आकाराची, रंग गडद मरून. आदल्या रात्री टॉप कोटचा एक जादा थर. म्हणजे नवरीला हळद लावताना हात आखडता घ्यायला नको.