पहिला बार कुठे जातो ते सापडलं: .३०८ ची पुढची नोंद

सापडलं, मंडळी! गेल्या हिवाळ्यापासून माझ्या .३०८ रायफलची जी पहिली गोळी कागदावर एकटीच वर-उजवीकडे जाऊन बसत होती, ती आता बाकीच्यांमध्ये यायला लागली आहे. अर्धं काम काडतूस बदलून झालं आणि उरलेलं बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) कसा सोडायचा यात होतं. मागच्या नोंदीनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं मत "बॅरल (नळी) बदल" असं पडलं होतं. बॅरलमध्ये काही खोट नाही, म्हणून सगळं नीट लिहितो.

बंदूक तीच, गॅसवर चालणारी सेमी-ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस स्वतःच भरणारी), लाकडी दस्त्याची. कामही तेच, मध्य टेक्सासमधल्या मित्राच्या शेतात मका आणि भुईमूग उकरणारी रानडुकरं. १ सप्टेंबर २०१९ पासून इथे खासगी जमिनीवर मालकाची संमती असली की त्यांच्यासाठी शिकारीचा वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे हंगामाची घाई नव्हती आणि रेंजवर हवा तेवढा वेळ देता आला.

दुखणं पुन्हा सांगतो. शंभर यार्डांवर पाच गोळ्या टाकल्या की चार दीड इंचात आणि पहिली त्यांच्यापासून जवळजवळ तीन इंच लांब. कागदावर पाहून कोणी म्हणेल, चार तर छान आहेत, एक फ्लायर (भरकटलेली गोळी) सोडून द्या. पण शिकारीत तीच एक गोळी खरी. डुकराचं हृदय छातीत खाली आणि बरंच पुढे असतं, मोठ्या नराच्या खांद्यावर जाड कुर्च्याचं कवच असतं, आणि पहिला आवाज झाला की कळप झाडीत पसार होतो. तीन इंचांची चूक म्हणजे जखमी जनावर काट्यांत जाऊन रात्रभर तडफडणार. ते मला सहन होत नाही. तळकोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर जी ठासणीची बंदूक असते, तिच्यात पहिला बार तोच शेवटचा. पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर पलीकडच्या वाडीत गेलेलं असतं. पहिल्या गोळीबद्दलचा माझा हट्ट तिथूनच आलेला आहे.

आधी नेहमीचे संशयित तपासले. स्कोपचे माउंट टॉर्क पाना लावून घट्ट केले. पुढच्या लाकडाचा स्क्रू पाहिला, कारण अशा बंदुकीत तो कमीजास्त आवळला की गोळी जागा बदलते. साफ केल्यानंतर नळीत राहिलेलं तेल हे तिसरं कारण. त्याने पहिली गोळी खरंच भरकटते, पण न पुसलेल्या नळीतही आमची पहिली गोळी वेगळीच जात होती. मग उरली थंड नळी. दोन बारांमध्ये नळी पूर्ण गार होईपर्यंत थांबलो, आणि तरीही दुसरी ते पाचवी एकत्रच. म्हणजे तापमानाचा मुद्दा गेला.

यानंतर डॅलसच्या काकांनी सुचवलेला प्रयोग केला आणि गाडी रुळावर आली. काका म्हणाले, "पहिलं काडतूस तू भरतोस, बाकीची बंदूक भरते. एवढाच फरक राहिला ना?" मग मॅगझीनमध्ये प्रत्येक वेळी एकच काडतूस ठेवून, दरवेळी हाताने बोल्ट चालवून, गरम नळीने पाच गोळ्या टाकल्या. पाचही वर-उजवीकडे, आणि पाचही एकमेकींना चिकटून! म्हणजे बंदुकीला दोन झीरो (स्कोप ज्या जागेशी जुळवायचा, ती गोळी पडण्याची जागा) होते, एक माझ्या हाताचा आणि एक तिचा स्वतःचा. तो कागद मी जपून ठेवला आहे. इतका आनंद मला पहिल्या एक इंची ग्रुपनेही (कागदावरच्या गोळ्यांचा पुंजका) दिला नव्हता.

आता कारण. बोल्ट वेगाने काडतूस पुढे ढकलतो, पितळी केसचा (काडतुसाच्या कवचाचा) खांदा चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या जागेला) टेकून थांबतो, पण गोळीचा वेग थोडा शिल्लक असतो. केसच्या तोंडाची पकड ढिली असेल तर गोळी किंचित पुढे सरकते. उलट मॅगझीनमध्ये वाट पाहणाऱ्या काडतुसांना प्रत्येक बाराचा धक्का बसतो, त्यांची टोकं समोरच्या भिंतीवर आपटतात आणि गोळी मागे दबते. हाताने भरलेल्या पहिल्या काडतुसाने हा धक्का खाल्लेलाच नसतो. म्हणून पहिलं काडतूस एका लांबीचं आणि पुढची दुसऱ्या.

हे मोजून पाहिलं. टोकावरून मोजू नका. मऊ शिशाची टोकं मुळातच एकसारखी नसतात, त्यामुळे ओजाइव्हवरून (गोळीच्या निमुळत्या वळणावरून) मोजणारा कम्पॅरेटर हा जोड कॅलिपरला लावा. काडतूस भरा, न उडवता बाहेर काढा, मोजा. हे फक्त रेंजवर करा, नळी मातीच्या बांधाकडे आणि बोट चापाबाहेर. एका कंपनीच्या प्लास्टिक टोकाच्या गोळ्या, ज्यांना कॅनल्युअर (गोळीवरची खाच) नाही आणि क्रिम्पही (केसच्या तोंडाचा दाब) नाही, बोल्ट पूर्ण सोडला की सहा ते आठ थाउ पुढे येत होत्या. पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्यांना थाउ म्हणजे काय ते सांगायला नको, इतरांसाठी: इंचाचा हजारावा भाग. तीच काडतुसं एक बार खाऊन मॅगझीनमधून बाहेर काढली तर टोक चपटं आणि लांबी कमी.

म्हणून यापुढे माझी पहिली अट कॅनल्युअर आणि क्रिम्प ही आहे. गोळीच्या कमरेवर खाच हवी आणि केसचं तोंड त्या खाचेत दाबलेलं हवं. बोल्ट-ॲक्शनवाले (दरवेळी हाताने बोल्ट चालवणारे) याला नाक मुरडतात, आणि त्यांच्या बंदुकीपुरतं त्यांचं बरोबरही असेल. पण सेमी-ऑटोला क्रिम्प हवाच. १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) रेमिंग्टन कोअर-लॉक्टने मला चकित केलं. १९३९ पासूनची ही गोळी, दुकानात सगळ्यात खालच्या कप्प्यात पडलेली असते, पण पहिला बार आणि बाकीचे यांतलं अंतर तिने निम्म्यावर आणलं. फेडरल फ्यूजन ग्रुपमध्ये तिच्याहून सरस निघाली. तिचं आवरण गाभ्यावर विद्युत-रासायनिक पद्धतीने चढवलेलं असतं, त्यामुळे खांद्याच्या कवचात ती फुटून विखुरत नाही. माझं मत फ्यूजनकडे झुकतं आहे. १६८ ग्रेनच्या मॅचकिंगने सगळ्यात लहान ग्रुप दिला, पण ती बनवणारी सिएरा स्वतःच ती गोळी शिकारीसाठी सुचवत नाही. तेव्हा ती फक्त बंदूक काय करू शकते हे पाहण्याची पट्टी.

वेगाचाही संशय होता, तो गार्मिनच्या झीरो सी-वन प्रो (Xero C1 Pro) या वेग मोजणाऱ्या यंत्राने मिटवला. हे छोटं रडार बेंचवर ठेवलं की काम संपलं, पुढे पडदे उभारायची कटकट नाही. पहिल्या आणि नंतरच्या गोळ्यांच्या वेगात लक्षणीय फरक निघाला नाही. या छंदात घेतलेल्या वस्तूंपैकी पैसे सर्वात लवकर वसूल करणारी वस्तू हीच.

उरलेलं निम्मं अंतर बोल्टमध्ये होतं. मचाणावर आवाज नको म्हणून आपण सगळेच हँडल धरून बोल्ट हलकेच पुढे नेतो. त्याने गोळी हलत नाही हे खरं, पण बोल्टचे लग (बोल्ट जागी अडकवणारे दात) प्रत्येक वेळी सारखे बसत नाहीत, आणि बोल्ट पूर्ण बंद झाला नाही तर ऐन वेळी बारच निघत नाही. आता मी गाडीतून उतरून शेताच्या कडेला पोहोचलो की, मचाणापासून लांबच, नळी जमिनीकडे धरून बोल्ट मागे ओढतो आणि सरळ सोडतो. क्रिम्प केलेली काडतुसं आणि सोडलेला बोल्ट असं एकत्र आलं, आणि पहिली गोळी इतर चौघींच्या शेजारी पडली. पाचही मिळून पावणेदोन इंच.

यातून एक नवा नियम निघतो. संध्याकाळी न उडवता काढलेलं काडतूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं म्हणून भरू नका. प्रत्येक भरण्याने गोळी थोडी हलते, आणि ती वारंवार मागे दबली तर दाबही वाढतो. एकदा चेंबरमध्ये जाऊन आलेल्या काडतुसाच्या बुडावर मार्करने रेघ मारा आणि मोजून ठीक असेल तरच रेंजसाठी ठेवा.

पुढचा बेत तांब्याच्या गोळ्यांचा होता. कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींना १ जुलै २०१९ पासून शिशाच्या गोळीने शिकार करता येत नाही, त्यांच्यासाठी बार्न्स टीटीएसएक्सची तुलना करणार होतो. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि केसमध्ये जास्त खोल बसवावी लागते. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की आधी पकड मोजायला हवी. ज्या पेटीतली काडतुसं बोल्ट सोडल्यावर दोन थाउपेक्षा जास्त हलतील, ती रेंजवर उडवायचीच नाहीत. वीस काडतुसांच्या पेटीतली तीन-चार मोजली की पुढची महागडी पेटी वाचते. तेव्हा तांब्याची तुलना त्यानंतर.

आणखी एक. झीरो आता ग्रुपवर करणार नाही. एकच कागद घरी ठेवायचा, रेंजवर गेल्यावर आधी तो लावायचा, मचाणाआधी भरतो तसंच काडतूस भरून थंड, न पुसलेल्या नळीने एकच बार काढायचा आणि कागद गुंडाळून परत न्यायचा. दहा भोकं झाली की त्यांच्या मध्यावर स्कोप आणायचा. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. हा पहिल्या बारांचा कागद भरेपर्यंत फ्यूजनच्या त्याच लॉटच्या (एकाच वेळी बनवलेल्या मालाच्या) पेट्या घेऊन ठेवतो आहे. लॉट नंबर पेटीच्या झाकणाच्या आत छापलेला असतो, दुकानदाराला पेटी उघडून दाखवायला सांगा, बहुतेक जण दाखवतात. तुमच्यापैकी कोणाकडे .३०-०६ सेमी-ऑटो असेल तर एकेक काडतूस हाताने भरून पाच बार काढा आणि दोन ग्रुपमधलं अंतर मला कळवा. लांब काडतुसात हा फरक वाढतो की कमी होतो, ते मला पाहायचं आहे.