तुम्ही विचारलंत म्हणून: नायगाराला चालत कॅनडात जाता येतं का?

मुलाकडे नाहीतर लेकीकडे न्यू जर्सीला निघालेली कोथरूडमधली मंडळी मला हमखास गाठतात. "नायगाराला पुलावरून चालत कॅनडात जाता येतं म्हणे, खरं का? आणि तेवढ्यासाठी वेगळा व्हिसा काढायचा का?"

जाता येतं. आणि जमत असेल तर काढाच.

अमेरिकेच्या बाजूला तुम्ही धबधब्याच्या माथ्यावर उभे असता. हिरवंगार पाणी हाताच्या अंतरावरून वाहत येतं आणि कड्यावरून दिसेनासं होतं. नाटक विंगेतून बघावं तसं! समोरची खुर्ची कॅनडाकडे आहे. नालेच्या आकाराचा मोठा हॉर्सशू फॉल्स बहुतेक त्यांच्याच हद्दीत. पण गंमत अशी, की अख्खा अमेरिकेत असलेला अमेरिकन फॉल्ससुद्धा नीट दिसतो तो कॅनडातूनच.

आता व्हिसा. पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा शिक्का असला, तरी आपल्याला कॅनडाचा वेगळा लागतो. शंभर कॅनेडियन डॉलर फी, बोटांच्या ठशांचे आणखी पंच्याऐंशी. अर्ज पुण्यातूनच, निघायच्या पुष्कळ आधी करा. पासपोर्ट शिक्क्यासाठी द्यावा लागतो, ते तिकडे गेल्यावर नको. जावई ग्रीन कार्डवाले असतील तर त्यांना हा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. त्यामुळे "अहो, काहीच लागत नाही, चला!" असं ते मनापासून म्हणतात. त्यांचं ऐकू नका.

पुलाचं नाव रेनबो ब्रिज. तिथला आधीचा पूल 1938 च्या जानेवारीत नदीतल्या बर्फाच्या रेट्यानं कोसळला, मग हा 1941 मध्ये सुरू झाला. पाण्यापासून साठेक मीटर उंच, एकच पोलादी कमान, आणि ट्रकना बंदी. ही बंदी चालणाऱ्याच्या फार पथ्यावर पडते. फूटपाथ धबधब्याच्या अंगाला आहे. रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटांचं काम, पण आम्हाला बराच वेळ लागला, कारण ह्यांनी कठडा सोडला नाही. खाली बोटी दिसतात. अमेरिकेच्या बोटीवर सगळे निळ्या रेनकोटात, कॅनडाच्या बोटीवर लाल. दोन्ही त्याच फेसात घुसतात आणि दोन्हीकडून तेच किंचाळणं वर येतं. मध्यावर सीमारेषेची पाटी आहे. तिथे प्रत्येक जण एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतो. आम्हीही काढला, त्यात लाज कसली.

जायचं ते दिवसा. खडकवासल्याच्या विसर्गाच्या बातम्या वाचणाऱ्या पुणेकराला हे लगेच कळेल. खडकवासल्यातून पस्तीस-चाळीस हजार क्युसेक सुटले की सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरतं. भिडे पूल तर त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली. नायगारावरून उन्हाळ्यात दिवसा निदान एक लाख क्युसेक पाणी पडू द्यायचं, असा दोन्ही देशांचा 1950 चा करार आहे. रात्री आणि हिवाळ्यात पन्नास हजारांवर भागवता येतं, बाकीचं वीजनिर्मितीला. म्हणजे रात्री रंगीत दिव्यांत जो बघतो, तो बहुधा अर्धाच धबधबा असतो. मला तर ते दिवेही आवडले नाहीत. एवढ्या पाण्याला जांभळा रंग कशाला?

परतताना कॅनडाच्या बाजूला फिरत्या फाटकात टोल भरावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा माणशी एक डॉलर होता. सुटी नाणी जवळ ठेवा, आमच्या पुढच्या काकांनी शंभराची नोट काढून रांग खोळंबवली होती. पुढे अमेरिकेचा अधिकारी पिशवीत काय आहे विचारतो. तिखटमिठाच्या पुऱ्यांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. फळं मात्र तिकडेच खाऊन संपवा. आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका, झेरॉक्स चालत नाही.

व्हिसा नाहीच मिळाला, तर अमेरिकेच्या बाजूला 'केव्ह ऑफ द विंड्स'ला जा. लिफ्टनं खाली उतरवतात आणि लाकडी जिन्यांवरून ब्रायडल व्हेल फॉल्सच्या पायथ्याशी नेतात. तिथे दिलेल्या रेनकोटाचा काही उपयोग होत नाही. कपड्यांचा एक जोड गाडीत असू द्या.