केहिमकर कुठले?

जुन्या ठाण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या जिन्याखाली नावांचा फलक असतो. मजल्यागणिक एक रांग, खोली क्रमांक, आडनाव, आणि कुठेतरी एखादी वेलांटी गळून पडलेली. जोशी, पाटील, म्हात्रे, कुलकर्णी, पुन्हा पाटील. यांच्यावरून नजर सरकून जाते. पेणकर, चौलकर, नेरूरकर इथे ती जरा रेंगाळते, कारण त्यांची गावं ऐकून माहीत असतात. मग केहिमकर येतं आणि नजर अडते. केहिम नावाचं गाव एसटीच्या कुठल्या पाटीवर वाचलंय बरं?

वाचलंय, पण निराळ्या रूपात. अलिबागच्या उत्तरेला समुद्राकाठी किहीम आहे, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांनी भरून जाणारं. गाव सगळ्यांच्या तोंडी किहीम झालं आणि आडनाव केहिमवरच राहिलं. गावाचं नाव रोज हजार तोंडांनी घासलं जातं. आडनाव एका घराने गाठोड्यात बांधून नेलेलं असतं. एकदा का ते शाळेच्या दाखल्यावर चढलं, की त्याची वेलांटी हलवायलासुद्धा राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

‘कर’वाल्या आडनावांची एक गंमत आहे. ज्या गावावरून ती पडतात, त्या गावात ती सहसा पडत नाहीत. किहीममध्ये सगळेच किहीमचे, तिथे कोण कोणाला केहिमकर म्हणणार? माणूस उठून रेवदंड्याला, पनवेलला, ठाण्याला गेला, तिथल्यांनी ‘कुठले तुम्ही?’ विचारलं, आणि उत्तराचं आडनाव झालं. ठाण्यात वीस लाख माणसं स्वतःला ठाणेकर म्हणवतात, पण आधार कार्डावर ठाणेकर असणारा विरळा, आणि त्याचे पूर्वज बहुधा ठाण्याबाहेर जाऊन आलेले. त्यामुळे अशा आडनावाचा नकाशा काढला, तर तो मेदुवड्यासारखा दिसतो. गावाच्या जागी भोक, भोवती कडं, आणि बरंच लांब मुंबई-ठाण्यावर एक मोठा ठिपका.

हा मोठा ठिपकाच फसवतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबई इथे प्रत्येक आडनावाची घरं जास्त भरतात, कारण माणसंच जास्त आहेत. समजा, ठाणे शहरात एका आडनावाची ४० घरं सापडली आणि पाऊण लाख वस्तीच्या एका तालुक्यात ५. ‘मूळचे ठाण्याचेच’ असं म्हणायचा मोह होतो. पण २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. दर लाखाला हिशेब केला, तर ठाण्यात दोनाच्या जरा वर आणि त्या तालुक्यात साडेसहाच्या पुढे. म्हणजे तालुक्यात ते आडनाव तिप्पट दाट. घरं मोजून झाली की लोकसंख्येने भागायचं, हे पहिलं काम. ते न करता काढलेला नकाशा हा आडनावाचा नसतो, रेल्वे स्टेशनांचा असतो.

दुसरी फसगत व्याकरणाची. ‘कर’ गावाला थेट चिकटत नाही, आधी गावाचं शेपूट जरा छाटतो किंवा वळवतो. शेवटी आ असेल तर बहुधा ए होतो: गोवा-गोवेकर, बांदा-बांदेकर, वेंगुर्ला-वेंगुर्लेकर. पण सातारा हट्टी, त्याचा सातारकर. शेवटची ई बऱ्याचदा गळते: मंगेशीचे मंगेशकर, चिंचोलीचे चिंचोलकर, रोह्याला लागून असलेल्या अष्टमीचे आष्टमकर. याउलट डोंबिवलीकर, सांगलीकर, रत्नागिरीकर यांची ई शाबूत असते. अशी सबंध गाव गिळलेली नावं बहुतेक अलीकडची, आडनावापेक्षा ओळख म्हणून वापरली जाणारी. तेव्हा आडनावावरून गाव शोधताना ‘कर’ कापून उरेल ते गाव, असं धरून चालू नये. उरलेल्या तुकड्याला आ, ए, ई, ओ लावून पाहावं आणि चारही रूपं गावांच्या यादीत शोधावीत.

यादीत शोधलं की तिसरी पंचाईत: एकाच नावाची गावं ढीगभर. दिवेकर घ्या. श्रीवर्धनकडचं दिवेआगर, पुरंदरच्या घाटामुळे माहीत असलेलं दिवे, भिवंडीचं दिवे-अंजूर, आणि मुंब्र्यापुढचं दिवा, जिथे गाडीत चढणं ही स्वतंत्र विद्या आहे. नियमाप्रमाणे चारही ठिकाणच्यांना दिवेकर होता येतं. वाशीचंही तसंच. नवी मुंबईची वाशी जगाला माहीत, पण पेणकडेही वाशी आहे आणि धाराशिव जिल्ह्यात तर तालुक्याचं गाव वाशी. बेलापूर एक पामबीच रस्त्याच्या टोकाला, दुसरं श्रीरामपूरजवळ. तुर्भे खाडीच्या दोन्ही अंगांना, त्यातल्या एकाला इंग्रजांनी ट्रॉम्बे केलं म्हणून घोटाळा कमी झाला. नेरूळ आणि नेरूर यांत तर एका अक्षराचाच फरक. नेरूरकर कुडाळजवळच्या नेरूरचे. त्यांनी नेरूळला घर घेतलं की पोस्टमन, कुरिअरवाला आणि बँक असे तिघेही मिळून त्यांचं नेरूळकर करतात.

नवी मुंबईत आडनावांचा नेमका उलटा प्रश्न आहे. सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, तिथल्या आगरी-कोळी गावठाणांत पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर, नाईक, घरत एवढ्यांतच अर्धंअधिक गाव बसतं. तिथे आडनावाने माणूस सापडत नाही. आजोबाचं नाव, घराण्याचं टोपणनाव, नाहीतर आळी सांगावी लागते. आणि नव्या वस्तीला तर आडनाव व्हायची सोयच नाही. सेक्टर सतरावरून कोणाला काय म्हणणार, सतराकर?

केहिमकरांकडे परत येऊ. हे आडनाव बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. कोकणच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा. बुडालेल्यांचं दफन जिथे झालं असं मानतात ते नवगाव किहीमच्या जवळच. पुढे हे लोक किनाऱ्यावरच्या गावागावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हटले गेले. गावावरून पडलेली त्यांची आडनावं शंभराच्या वर आहेत: पेणकर, रोहेकर, आष्टमकर, नवगावकर, झिराडकर, वाक्रुळकर, दिवेकर, चौलकर, केहिमकर. ती एका कागदावर लिहून काढली, तर जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याची अर्धी ग्रामसूची तयार होते.

यातली पेणकर, चौलकर, दिवेकर ही आडनावं हिंदू घरांतही आहेत, एकाहून अधिक जातींत. ‘कर’वरून जात ओळखायला जाणारे हमखास तोंडावर पडतात ते इथे. कोणत्या गावातून उठलात एवढंच ‘कर’ सांगतो. तेही शेवटचं उठलेलं गावच असेल असं नाही. कोणी किहीमहून रोह्याला गेलं, दोन पिढ्या राहिलं आणि आडनाव नोंदवायची वेळ ठाण्यात आली, तर ते केहिमकरही होऊ शकतात आणि रोहेकरही. नोंद घेणाऱ्याने काय विचारलं त्यावर ते ठरतं.

नोंद घेणारे मुख्यतः दोन: पलटणीचा कारकून आणि शाळेचा मास्तर. त्याआधी माणसाचं नाव, बापाचं नाव एवढ्यावर भागत असे, गाव लावलं तर लावलं. बेने इस्रायली ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मोठ्या संख्येने होते, त्यामुळे त्यांची आडनावं लवकर पक्की झाली असावीत. १७९६ साली मुंबईत मांडवीला या समाजाचं पहिलं प्रार्थनागृह बांधणारा सामाजी हसाजी दिवेकर हा असाच कंपनीच्या फौजेतला अधिकारी. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकिएल. अब्राहामचा अबाजी, बेंजामिनचा बनाजी, मोझेसचा मुसाजी. एकोणिसाव्या शतकात ही नावं पुन्हा बायबलच्या वळणावर गेली, म्हणून एकाच घराण्याच्या शोधात आजोबा मराठी यादीत आणि नातू इंग्रजी यादीत सापडतो. दोघांचं नातं जोडणारा दुवा आडनाव हाच. ते दुर्मीळ असेल तर शोधणाऱ्याचं नशीब. पाटलांच्या घरात हा खेळ खेळून पाहा.

केहिमकर आडनावाचे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढली आणि १८९७च्या सुमारास समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला थेट १९३७ साली, तेल अवीवमध्ये. ज्याला आपल्या आडनावाचं मूळ शोधायचंय त्याच्या पूर्वजानेच संशोधन करून ठेवलेलं, अशी चैन फार थोड्या आडनावांना लाभते. आपल्या काळात फुलपाखरांचे अभ्यासक आयझॅक केहिमकर यांच्यामुळे हे आडनाव निसर्गप्रेमींना ठाऊक आहे. आणि योगायोग पाहा, सलीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला तो १९३० साली किहीमलाच.

केहिमकरांचा नकाशा आज असा दिसेल. किनाऱ्यावर रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल ही जुनी ठाणी; तिथली प्रार्थनागृहं १८४२, १८४८, १८६३, १८४९ अशा सालांची. नंतर मुंबई. मग ठाणे. इथे टेंभी नाक्याजवळ १८७९ साली ‘शार हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचं दार, हे प्रार्थनागृह उभं राहिलं, आणि मुंबईतल्या जागा परवडेनाशा झाल्या तशी घरं ठाण्याकडे सरकली. १९४८नंतरचा टप्पा इस्रायलमधली लोद, दिमोना, अश्दोद. विसाव्या शतकाच्या मध्याला वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आत आला. म्हणजे अलिबाग तालुक्यातल्या एका गावाचं नाव आज नेगेवच्या वाळवंटातल्या दारांवर असू शकतं, आणि तेही ण, ळ नसलेल्या लिपीत. शिवाय हिब्रूत रोजच्या लिहिण्यात बहुतेक स्वरचिन्हं देत नाहीत, त्यामुळे केहिम की किहीम हा वाद तिथे मिटलेलाच आहे.

आडनाव मुळात दुर्मीळ का होतं, याचं गणित १८७४ सालीच फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी मांडलं. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जात असेल आणि दर पुरुषामागे सरासरी एकच मुलगा असेल, तर लोकसंख्या टिकली तरी आडनाव कधी ना कधी संपतंच. एका पिढीत सगळ्या मुलीच झाल्या की पुरे. सुरुवातच तीन-चार घरांनी झालेली असेल तर ही वेळ लवकर येते. त्यात निम्मी घरं परदेशी गेली की जे उरतं ते आपल्या जिन्याखालच्या फलकावर.

स्वतःचं दुर्मीळ आडनाव शोधायला बसलात तर उलट्या क्रमाने जावं. आधी घरातला जुन्यात जुना शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मगाव असतं. शाळा चालू असेल तर तिचं जनरल रजिस्टर पाहायला मागावं, त्यात आडनावाचं आधीचं रूप मिळण्याची शक्यता असते. मग त्या गावचे जुने फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आणि जन्ममृत्यूची नोंद असलेला नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. बऱ्याच तालुक्यांचे जुने कागद आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. पानांना थोडं शुल्क पडतं.

अडखळायची जागा ठरलेली. जुनी पानं मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे आडनाव पुढच्या शब्दाला चिकटून येतं आणि नवखा वाचक नको तिथे तोडतो. मोडी वाचणाऱ्याकडे पान नेताना आडनावाची चार संभाव्य रूपं लिहून न्यावीत, पण ‘हेच असेल ना?’ असं विचारू नये. विचारलं की तेच दिसायला लागतं.

मतदार यादीचा उपयोग आजचा पसारा मोजण्यापुरता. पीडीएफ बहुतेकदा चित्ररूपात असते, शोधचौकटीत आडनाव टाकून काही हाती लागत नाही. भागवार याद्या उतरवून डोळ्यांनीच चाळाव्या लागतात. एका भागात हजाराच्या आसपास नावं, सराव झाला की वीस-पंचवीस मिनिटांत एक भाग होतो. इंग्रजीवरून मराठीत आलेली नावं असतील तर पेणकरांचे पेनकर, केहिमकरांचे केहीमकर, किहिमकर, क्वचित केहमकर झालेले असतात. मोजताना ते सगळे एका खात्यात धरावेत. आणि लग्न होऊन आलेल्या बाईचं माहेरचं आडनाव यादीत नसतं, हे विसरू नये. निम्मा नकाशा तिथेच पुसला जातो.

ठाण्यात नौपाड्यापासून वर्तकनगरापर्यंत जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात. इमारत रिकामी होते तेव्हा जिन्याखालचा फलक भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. तो उतरवण्याआधी मोबाइलने त्याचा एक सरळ फोटो काढावा, खाली इमारतीचं नाव आणि साल लिहून ठेवावं. नव्या टॉवरच्या लॉबीत फ्लॅटचे नुसते क्रमांक असतात.